शाळेत फोटोग्राफीचा तास घ्यायचाय: ३८ मुलं, १ कॅमेरा. सुरुवात कुठून करू?

खडूपाटी | ६ जुलै

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितोय, तेही कामापुरतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवतो. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी मेळाव्यात शाळेला एक डीएसएलआर कॅमेरा भेट दिला. वापरलेला आहे. १८-५५ मिमीची झूम लेन्स (१८ ला जास्त मावतं, ५५ ला कमी पण मोठं), एक बॅटरी, एक कार्ड. मुख्याध्यापकांनी आभाराच्या भाषणातच जाहीर करून टाकलं की यंदापासून आठवीला फोटोग्राफी शिकवली जाईल, आणि कोण शिकवणार म्हणून स्टाफकडे बघितलं. बाकी सगळे सर लोक भेळेच्या प्लेटीत बघत होते. माझी भेळ नेमकी संपली होती.

तर आता आठवी ब, ३८ मुलंमुली, कार्यानुभवाचा शनिवारचा ३५ मिनिटांचा तास. पावसाच्या सुट्ट्या, सहामाही वगैरे वजा जाता दहा शनिवार मिळतील. शाळेत मोबाइलला बंदी. खर्चाचं विचारलं तर "बघू" असं उत्तर मिळालं, म्हणजे शून्य धरून चालतोय. कॅमेरा हातोहात फिरवला तर एकाच्या वाट्याला ५५ सेकंद येतात (गणिताच्या सरांनी न विचारता काढून दिलं).

काल पहिला तास झाला. फोटोतला उजेड ठरवणारा तो त्रिकोण फळ्यावर काढला: अपर्चर (लेन्सचं भोक किती मोठं), शटर (ते किती वेळ उघडं), आयएसओ (आलेला उजेड किती वाढवायचा). दहाव्या मिनिटाला मागच्या बाकावर फुल्ली-गोळा सुरू. एका मुलीनं मात्र मन लावून त्रिकोण वहीत उतरवला, कोपऱ्यांना अ, ब, क नावं दिली आणि विचारलं, "सर, सिद्ध काय करायचंय?"

मला स्वतःला बऱ्यापैकी फोटो काढता येतात. शिकवता येत नाहीत हे काल कळलं. कुणी मुलांना शिकवलंय का? कुठून सुरुवात करावी?

---

भटकभवानी

त्या मुलीला पैकीच्या पैकी. बाकी चर्चा वाचतेय.

---

लग्नसराई

सर, मी १४ वर्षं लग्नांचे फोटो काढतोय, त्यामुळे माझं मत धंदेवाल्याचं समजा. पहिला धडा, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात. पट्टा गळ्यात गेल्याशिवाय कॅमेरा हातात द्यायचाच नाही. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका पोरानं हळदीच्या दिवशी लेन्स थेट हळदीच्या पातेल्यात सोडली होती. लेन्स गेली, वर नवरीच्या आत्यानं आम्हाला अपशकुनी ठरवलं ते वेगळंच.

दुसरा धडा धरायचा. डावा हात लेन्सच्या खाली तळव्यासारखा, उजवा बाजूला, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली, श्वास सोडून झाला की बटण हलकेच दाबायचं. यात अख्खा तास गेला तरी चालेल. त्रिकोण-बिकोण नंतर. ऑटोवर ठेवा आणि काढू द्या.

आणि पावसाळा आहे म्हणून सांगतो, कॅमेरा स्टाफरूमच्या लोखंडी कपाटात ठेवू नका. दोन महिन्यांत लेन्सला आतून बुरशी धरेल, कोळ्याच्या जाळ्यासारखी. हवाबंद डबा घ्या आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

---

ओसरी

मी २९ वर्षं विज्ञान शिकवलं, आता घरी असते. लग्नसराई यांचं डब्याचं बरोबर आहे. एकदा डब्यात ठेवलात की तीन आठवडे तो डबा उघडू नका. वर्गाचाच कॅमेरा करा.

उन्हातल्या मैदानाकडे खिडकी उघडते अशी खोली निवडा. बाकीच्या खिडक्या, झरोके, दाराच्या फटी ताडपत्रीनं नाहीतर काळ्या कागदानं बुजवा. गावात ताडपत्री ट्रॅक्टरवाल्याकडे हमखास मिळते. राहिलेल्या खिडकीला पुठ्ठा लावा आणि त्याला साधारण एक-दीड सेंटिमीटरचं भोक पाडा. समोर पांढरी भिंत किंवा चादर हवी. मुलांना आत बसवा आणि पाच-सात मिनिटं काहीही करू नका. आधी दिसत काही नाही. खुसखुस होते, कुणीतरी भुताचा आवाज काढतो. मग डोळे अंधाराला सरावतात आणि भिंतीवर हळूहळू मैदान उमटायला लागतं, आकाश खाली आणि जमीन वर. रंगांसकट! माझ्या वर्गात ध्वजस्तंभ छताकडून खाली लोंबत होता, आणि तेवढ्यात आमचे शिपाई मामा डोकं खाली, चाकं वर अशा सायकलवरून भिंतीवरून गेले. सगळा वर्ग किंचाळला. आपण नुसतं फाटक ओलांडलं तर पोरं का ओरडली, हे मामांना शेवटपर्यंत कळलं नाही.

यानंतर भोकाला वाचायच्या चष्म्याचं भिंग लावा. +१ नंबर असेल तर एक मीटरवर कागद धरा, +२ असेल तर अर्ध्या मीटरवर. चित्र एकदम लख्ख आणि रेखीव. भिंग काढलं की पुन्हा धूसर. मग भिंग न लावता भोक लहान करा आणि काय झालं ते विचारा. "अंधूक झालं पण स्पष्ट झालं" हे वाक्य मुलं स्वतः म्हणतील. ते त्यांच्या तोंडून आलं की मग अपर्चर हा शब्द सांगा. आधी नाही.

---

बोरूबहाद्दर

पुस्तकात याला "सूचिछिद्र प्रतिमाग्राहक" म्हणतात. मला सहावीत हा शब्द पाठ होता, तोंडी परीक्षेत मार्कही मिळाले. वस्तू काय असते ते नोकरीला लागल्यावर कळलं.

---

दीडशहाणा

ओसरीताई, वर्णन सुंदर आहे, पण मला हे सगळं स्मरणरंजन वाटतं. या मुलांच्या घरात कॅमेरा म्हणजे फोन. पुढची पन्नास वर्षं ती फोननंच फोटो काढणार. बहुतेक फोनांत अपर्चर कारखान्यातच ठरलेलं असतं, ते बदलताच येत नाही. मग जे बदलता येत नाही त्यावर तीन शनिवार कशाला?

त्यापेक्षा रोजच्या कामाचं शिकवा. काढण्याआधी काच पुसा. बोटांनी झूम करू नका, चार पावलं पुढे जा. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा, मग तिथून वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करा. खिडकीकडे पाठ केलेल्या माणसाला खिडकीकडे तोंड करायला लावा. एवढं आलं तरी गावातले निम्मे फोटो सुधारतील.

---

लग्नसराई

काच पुसण्याला +१. लोक तीस हजारांचा फोन घेतात आणि काचेवर शेंगदाण्याच्या चिक्कीचं बोट.

पण दीडशहाणे साहेब, शाळेत मोबाइलबंदी आहे हे सरांनी वरतीच लिहिलंय. फोनवर शिकवायचं तर फोन फळ्यावर काढू का?

---

दीडशहाणा

काढा की. त्रिकोणापेक्षा बरा दिसेल.

---

खडूपाटी

मंडळी, भांडू नका, दोन्ही टिपून घेतलंय. ओसरीताई, वर्गाचा कॅमेरा नक्की करणार. अडचण एकच, इथे सध्या ऊन नाही. गेल्या आठ दिवसांत सूर्य मी फक्त भूगोलाच्या पुस्तकात बघितलाय. तोवर शनिवारी काय करू?

---

कात्रणवही

जुन्या लग्नपत्रिका गोळा करा. आमच्याकडे दरवर्षी पोतंभर साठतात, देवाचं नाव असतं म्हणून कुणी टाकवत नाही. गणपतीचा भाग बाजूला ठेवा आणि उरलेल्या जाड कागदात ६ सेंमी बाय ४ सेंमीची चौकट कापा. डीएसएलआरच्या फोटोचं हेच प्रमाण असतं, ३:२. प्रत्येकाला एक "कॅमेरा". एक डोळा मिटून चौकट डोळ्याजवळ धरली की अख्खा वर्ग मावतो. हात लांब केला की फक्त फळ्यावरचं घड्याळ. १८ आणि ५५ मधला फरक इथेच कळतो, लेन्स लागत नाही.

मी चित्रकला शिकवते. माझा खेळ असा: चौकटीतून एक जागा निवडा आणि चौकटीच्या चारही कडांना काय काय कापलं जातंय ते लिहा. मधे काय आहे ते सगळ्यांनाच दिसतं. कडेला अर्धवट घुसलेली कचऱ्याची बादली, कापलेलं कोपर, डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, हे लिहून काढल्याशिवाय दिसत नाही. तिसऱ्या आठवड्यात मुलं आपोआप अर्धं पाऊल सरकून उभी राहायला लागतात.

---

पाणीपट्टी

त्रिकोणाऐवजी नळ घ्या. नळ किती उघडला ते अपर्चर, किती वेळ उघडा ठेवला ते शटर. कळशी बरोबर भरली की फोटो बरोबर. सांडली तर पांढराफटक, अर्धी राहिली तर काळा. आयएसओ म्हणजे कळशीचा आकार, आयएसओ वाढवला की कळशी लहान, लवकर भरते. आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे मुलांना हे गणित जन्मतःच येतं.

---

काटेकोर

कळशीपर्यंत ठीक. पण लहान कळशीनं फोटोत दाणे का येतात, असं कुणी विचारलं तर काय सांगणार? पाण्यात वाळू आली?

आयएसओला कीर्तनातला लाऊडस्पीकर जास्त जवळचा. बुवांचा आवाज बारीक लागला म्हणून भोंगा वाढवला, तर बुवाही मोठ्यानं ऐकू येतात आणि खरखरही. मूळ दुखणं बुवा हळू बोलले हे आहे, म्हणजे उजेड कमी पडला. भोंग्यानं ते फक्त चव्हाट्यावर आणलं.

आणि त्या गणिताच्या सरांना कामाला लावा. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही अपर्चरच्या आकड्यांची रांग फळ्यावर लिहा आणि पुढचा आकडा विचारा. एक सोडून एक दुप्पट होतंय हे मुलं पकडतात. मग प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो हे सांगा आणि व्यासाचं काय होत असेल ते काढायला लावा. वर्गमूळ दोन बाहेर येतं. त्या मुलीला सिद्ध करायला काहीतरी मिळेल.

---

टेबलफॅन

शटरसाठी छताचा पंखा. मिनिटाला ३०० फेरे धरले तर सेकंदाला ५. शटर १/१० सेकंद ठेवलं तर तेवढ्यात पंखा अर्धा फिरतो, तीन पाती एकमेकांत मिसळून नुसती गोल तबकडी दिसते. १/१००० ला दोन अंशांहून कमी फिरतो, पाती थिजल्यासारखी. पात्याचं टोक मध्यापासून ६० सेंमीवर असेल तर तेही जेमतेम २ सेंमी सरकतं. उलट फोटोवरून पंख्याचा वेगही काढता येतो. अर्थात १/१००० ला वर्गातला उजेड पुरणार नाही, मग आयएसओ वाढवा, मग वरच्या बुवांची खरखर. तिन्ही गोष्टी एकाच पंख्यात.

---

भटकभवानी

आणि लाइट गेली तर सगळ्याच शटरला पाती थिजलेली.

---

लालदिवा

हा धागा वाचून राहवलं नाही. अवांतर होईल, चालवून घ्या.

माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता, तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर. पुढे काउंटर, मधे निळा पडदा आणि एक खुर्ची, मागे डार्करूम. डार्करूम म्हणजे मोरीच होती. शनिवारी शाळा सुटली की मी तिथे. तीन ट्रे ओळीनं मांडलेले, डेव्हलपर (चित्र उमटवणारा), स्टॉप बाथ (उमटणं थांबवणारा), हायपो (चित्र पक्कं करणारा). लाल बल्ब. पांढरा कागद पहिल्या ट्रेत सोडायचा आणि ट्रे एका कोपऱ्यानं हलकेच वर-खाली करत राहायचं. आधी काळे केस यायचे, मग डोळे, मग शर्टाची बटणं. चेहरा सगळ्यात शेवटी. इतक्या लोकांना मी असं केसांपासून सुरू होताना पाहिलंय की अजूनही अनोळखी माणसाचे आधी केस बघते.

लाल दिवा फक्त कागदासाठी बरं का. त्या कागदाला लाल रंग दिसतच नाही. फिल्मला सगळे रंग दिसतात, म्हणून ती टाकीत भरताना मिट्ट काळोख लागायचा. मोरीच्या दाराला एक फट होती. अर्जंट रोल असला की बाबा दोन गोधड्या डोक्यावरून घेऊन आत बसायचे आणि हाताच्या अंदाजानं फिल्म रिळावर चढवायचे. बाहेरून दिसायचं की गोधडीला घाम फुटलाय. पाहुणे आले की आई सांगायची, "हे रोल भरतायत, वाफ घेत नाहीत."

सर, मुलांना शक्य झालं तर एखाद्या जुन्या स्टुडिओत न्या. ट्रे कुठेतरी माळ्यावर असतीलच. बाबांचे आहेत, मी टाकू दिलेले नाहीत.

---

बोरूबहाद्दर

लालदिवा, केसांचं वाचून स्वतःच्या टकलावर हात फिरवला. मी तुमच्या ट्रेमध्ये कुठून सुरू झालो असतो?

---

लालदिवा

कानांपासून.

---

जुनाबाजार

अवांतर निघालंच आहे तर आग्फा क्लिक थ्री कुणाकडे होता? १२० चा रोल, बारा फोटो. पाठीमागे एक लाल गोल काच असायची, त्यातून रोलच्या कागदावर छापलेला आकडा दिसायचा. किल्ली फिरवून नवा आकडा आणायचा. विसरलं की एकावर एक दोन फोटो. आमच्या घरी एका फोटोत आजोबा आणि म्हैस एकत्र आहेत, दोघंही ओळखू येतात. आजीला तो फोटो फार आवडायचा, का ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

---

टेबलफॅन

आमच्याकडे हॉट शॉट कॅमेरा होता. ३६ च्या रोलमध्ये ३८ काढणं हा घराण्याचा मान होता. अडतिसावा कायम अर्धा जळलेला, आणि त्यात कायम मीच.

---

मिनेसोटाची मैना

मूळ विषयावर आणते. माझी लेक इथे दहावीत आहे आणि तिच्या शाळेत फिल्मचा वर्ग आहे. शाळेकडे पेंटॅक्स के १००० आहेत, माझ्या लग्नाच्या आधीचे. आत फक्त एक सुई, ती मधोमध आली की उजेड बरोबर. बाकी सगळं हातानं. तिसऱ्या आठवड्यात लेक म्हणाली, "आई, तुमच्या वेळी फोटो बघता येत नव्हता तर चुकलंय हे कळायचं कसं?" म्हटलं, आठ दिवसांनी, पैसे भरून.

त्यांच्या बाईंची एक युक्ती तुमच्या कॅमेऱ्यालाही चालेल. फिल्मच्या आधी त्या डिजिटलवर सराव घेतात आणि मागच्या स्क्रीनवर कागद चिकटवतात. कॅमेऱ्याच्या डोळा लावायच्या भोकातून बघायचं, पाच वेळा क्लिक, प्रत्येक क्लिकच्या आधी वहीत लिहायचं की काय घेतोय आणि का. काढलेलं बघायचं ते पुढच्या तासाला. ३८ मुलांचे गट पाडलेत तर हे जमून जाईल.

---

आठवीतल्या मुलीची आई

सर, तुमचा हेतू चांगला आहे, पण पालक म्हणून एक बोलते. मागच्या वर्षी माझ्या मुलीच्या शाळेत (गाव सांगत नाही) स्नेहसंमेलनात कुणीतरी ग्रीनरूममधले फोटो काढले आणि ते ग्रुपवर फिरले. माझी मुलगी पंधरा दिवस शाळेत गेली नाही. कुणी काही वाईट केलं असंही नव्हतं, नुसतं गंमत म्हणून. तुम्ही अपर्चर शिकवाल, कंपोझिशन शिकवाल, पण "तुझा फोटो काढू का" हे विचारायला कोण शिकवणार?

---

दीडशहाणा

या प्रतिसादापुढे माझा काच पुसण्याचा प्रतिसाद मागे घेतो. हे पहिल्या तासाला हवं.

---

लग्नसराई

ताई, पटलं. पण माणसं वगळून फोटोग्राफी म्हणजे पुरणाशिवाय पोळी. विचारायची सवय लावायची तर माणसांसमोर कॅमेरा न्यावाच लागेल ना?

---

आठवीतल्या मुलीची आई

न्या. पण समोरचा "नको" म्हणाला तर कॅमेरा खाली घेण्याचा सराव करून घ्या. खरंच करून घ्या, जोड्या पाडून, एकानं नको म्हणायचं. हे आमच्यातल्या मोठ्यांनाही जमत नाही, लग्नातले तुमचे लोक तर तोंडात घास असताना येतात.

---

लग्नसराई

घासाचा आरोप मान्य. त्याचं कारण असं की... राहू दे, मान्य.

---

नीळकंठी

सर, ऑक्टोबरपर्यंत थांबायची तयारी असेल तर सायनोटाइप करा. कॅमेरा लागत नाही, डार्करूम लागत नाही, फक्त ऊन. दोन रसायनं: फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. पहिलं २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, दुसरं १० ग्रॅम १०० मिलीत, वेगवेगळ्या बाटल्यांत. लागतील तेव्हा समसमान मिसळा, बारीक दिव्याच्या उजेडात चित्रकलेच्या कागदावर ब्रशनं लावा आणि अंधारात वाळवा. कागद पिवळट-हिरवा होतो. वर पान, पीस, लेस, काहीही ठेवा, काच दाबून दहा मिनिटं उन्हात. मग साध्या पाण्यात धुवा. पिवळं निघून जातं, ऊन लागलेली जागा गर्द निळी, पानाखालची पांढरी.

जॉन हर्शेलनं हे १८४२ मध्ये शोधलं आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स बाईंनी याच पद्धतीनं समुद्रशेवाळांच्या छापांचं पुस्तक काढायला घेतलं. हर्शेल म्हणजे तेच, हायपोनं फोटो पक्का होतो हे दाखवणारे. लालदिवांच्या तिसऱ्या ट्रेचे जनक म्हणा.

हातमोजे घाला. दुसऱ्या बाटलीवरचं "सायनाइड" वाचून मुख्याध्यापक घाबरतील. फेरिसायनाइड म्हणजे ते विष नव्हे, लोखंडानं सायनाइडला घट्ट धरून ठेवलेलं असतं. पण तीव्र आम्लाच्या जवळ नेऊ नका, तापवू नका, आणि शाळेच्या पेल्यात तर अजिबात कालवू नका.

---

काटेकोर

आमचे वडील सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. ज्याला सगळे "ब्लू प्रिंट" म्हणतात ती मूळची हीच. पुढे अमोनियाच्या प्रिंटा आल्या, त्यांच्या वासानं वडिलांचं सर्दीचं दुखणं गेलं असं ते सांगायचे. पुरावा नाही.

---

खडूपाटी | २७ ऑक्टोबर

मंडळी, दिवाळीची सुट्टी लागली, आता निवांत लिहितो. धागा वर काढल्याबद्दल माफी.

सगळं सांगत बसत नाही. लग्नपत्रिकांच्या चौकटी सगळ्यात जास्त चालल्या. इतक्या की इतिहासाच्या तासाला पोरं सरांकडे चौकटीतून बघतात अशी तक्रार आली. पंख्याचं जमलं नाही, आमचा पंखा १/१० लाही स्पष्ट येतो, इतका हळू फिरतो. "नको" म्हणायचा सराव घेतला. पहिल्यांदा सगळी हसली. दुसऱ्यांदा एक मुलगा, जो वर्गात कधी बोलत नाही, इतक्या ठामपणे "नको" म्हणाला की समोरच्यानं कॅमेरा खाली करून सॉरी म्हटलं. त्यानंतर कुणी हसलं नाही.

श्रावणात एका शनिवारी दीड तास उघडीप मिळाली, दोन तास जोडून वर्गाचा कॅमेरा केला. ओसरीताई, आमच्याकडे शिपाई मामांऐवजी शेळ्या आल्या. उलट्या शेळ्या. मी पण किंचाळलो.

स्क्रीनवर वहीचं खाकी कव्हर चिकटवलं, गटाला पाच क्लिक, विषय "सावली". एका गटानं कॅमेरा रीतसर सही करून मधल्या सुट्टीत शाळेमागच्या घरी नेला. परत आला तो पाचही फोटो जमिनीचे. शेणानं सारवलेली जमीन आणि त्यावर उन्हाचे गोल कवडसे. म्हटलं, सावली कुठंय? तर पोरगा म्हणाला, "सर, पत्र्याला खिळ्यांची भोकं आहेत. एक भोक चांगलं तिरकं-फाटकं आहे. तरी कवडसा गोलच. पाचही फोटो त्याचेच आहेत. असं का?" त्यानं कवडसा मोजलाही होता, जवळजवळ ३ सेंटिमीटर. भोक बोटाच्या नखाएवढंसुद्धा नाही.

मी तास संपल्याचं सांगून वेळ मारून नेली. उत्तर मला अंदाजानं कळलंय, पण तुमच्याकडून नीट हवंय.

---

ओसरी

सर, तो कवडसा म्हणजे सूर्याचा फोटो आहे. तुम्ही शेळ्या बघितल्यात तसाच, फक्त भोक पत्र्याला आहे. सूर्य गोल म्हणून कवडसा गोल, भोक कसंही असो. भोकापासूनच्या अंतराला साधारण १०८ ने भागा, कवडशाचा व्यास येतो. ३ मीटरला २.८ सेंटिमीटर. पोराचं मोजमाप बरोबर आहे. त्याला सांगा, १९९५ च्या दिवाळीत सूर्यग्रहण लागलं होतं तेव्हा आमच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली असे शेकडो कवडसे पडले होते, आणि सगळे चंद्रकोरीसारखे. पानांमधली प्रत्येक फट एकेक कोर पाडत होती. आमच्या सासूबाई ग्रहणाचं बाहेर बघत नव्हत्या, पण जमिनीवरचं बघायला दारापर्यंत आल्या.

---

काटेकोर

दुरुस्ती: अंतर पत्र्याची उंची नव्हे, किरणाच्या रेषेत मोजायचं. आणि कागद किरणाला काटकोनात धरला तरच पूर्ण गोल, जमिनीवर थोडा लांबट येईल. मधल्या सुट्टीत ऊन डोक्यावर असतं म्हणून त्याला गोल वाटला.

---

बोरूबहाद्दर

१०८! म्हणजे जपमाळ घेऊन मोजलं तरी चालेल.

---

नीळकंठी

आणि सायनोटाइप? ते सांगितलंच नाहीत.

---

खडूपाटी

तेच सांगायचं टाळत होतो.

रसायनं माजी विद्यार्थ्यांनी दिली. पहिली खेप शाळेच्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात धुतली. व्हरांड्यात दोरीला चिमटे लावून ३८ छाप वाळत घातले, सीताफळाची पानं, मोरपीस, एकीच्या आजीची नथ. दुपारपर्यंत निळ्याचं आकाशी झालं, संध्याकाळी पांढुरकं. दुसऱ्या खेपेला प्रत्येक बादलीत लिंबू पिळलं, मग टिकलं.

खरी गोची पुढे आहे. तयार मिश्रणाची बशी टेबलावर होती. मुख्याध्यापक बघायला आले, वाकले, शर्टाची बाही बशीत. जरासा पिवळा डाग, कुणाच्या लक्षात आलं नाही. तिथून ते थेट मैदानावर, सुट्टीआधीच्या सूचना द्यायला. वीस मिनिटं उन्हात. आठवी ब पुढच्या रांगेत होती. सरांची बाही सगळ्या शाळेदेखत हळूहळू निळी होत गेली आणि माझी पोरं ती डोळे विस्फारून बघत होती. इतकी शांतता सूचनांना कधी नव्हती. शर्ट नवा, पांढरा. डाग कशानं जाईल?

---

नीळकंठी

धुण्याचा सोडा. कोमट पाण्यात विरघळवून भिजवा, निळा जाऊन पिवळट डाग राहील, गंजासारखा. मग शर्ट भरपूर पाण्यात खळबळून सोडा पूर्ण काढा आणि त्यानंतरच लिंबू. क्रम चुकवू नका, आधी लिंबू लावलंत तर निळा आणखी पक्का होईल.

---

खडूपाटी

त्यांच्या घरी परवाच लिंबू चोळून झालंय. डाग छान खुललाय म्हणे.

---

लालदिवा

मग दुसरी बाही पण बुडवा.